तुटलेली तार, नग अकरा

डिसेंबरातला शेवटचा रविवार. बामणोदच्या शिवारात
चुडामण फिरकेच्या केळीच्या बागेला लागून
पऱ्हाट्यांचा जाळ, जाळावर हिरवी वांगी.
सालं फुगतात, फाटतात,
आणि कोणीतरी म्हणतोच,
"अभिमन पाह्यजे होता भो."

अभिमन सुरवाडे, फिटर, डिझेल शेड, भुसावळ.
मी तिथंच स्टोअरला क्लार्क.
इंजेक्टरच्या पायपाचा दोन इंची तुकडा त्यानं मागितला,
मी लेजरला 'भंगार' लिहून दिला.
तो त्यानं करंगळीत घातला
आणि तारांवरून असा ओढला
की यार्डातली मालगाडी चढावर रडायला लागली,
रडता रडता कोणालातरी शिव्याही देत होती.

नोएल ड्रायव्हरच्या घरी तबकड्या ऐकून शिकला.
इंग्रजी येत नव्हतं. म्हणायचा,
"नाही येत तेच बरंय.
बायको सोडून गेली का पगार कापला,
दोन्हीले सूर एकच लागतो."
आणि आम्हाला समजवायचा,
"बारा डब्यांची गाडी आहे ही.
पाचव्या डब्यात पाव्हण्याकडे जायचं, सातव्यात घरी यायचं,
नवव्यात भांडण, अकराव्यात समेट,
बाराव्यात पिशवी विसरली म्हणून
पुन्हा पहिल्यात."

ती रात्र. रेल्वे इन्स्टिट्यूटचा हॉल,
एप्रिल त्र्याऐंशी.
(हेमलता सिस्टर म्हणते चौऱ्याऐंशी.
तिच्या बदलीचं वर्ष, तिचंच खरं असणार.)
रात्रीचे दहा, पत्रे तरी तापलेले,
पंखे इकडची झळ तिकडे नेऊन ठेवत होते.
युसूफ तडवी ड्रमवर, उघडाच, गळ्यात ओला टॉवेल.
अभिमननं डोळे मिटले,
तोंड वाकडं केलं, दाढ उपटताना करतात तसं,
वर गेला, अजून वर,
आणि तार तुटली.

गालावर लागली. रक्ताची बारीक रेघ.
तो थांबला नाही.
उरलेल्या पाचांत तो तिला शोधत राहिला,
घरातली किल्ली शोधावी तसा,
एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा हात घालून.
वीस मिनिटं, म्हणतो चुडामण.
पाऊण तास, म्हणतो युसूफ.
माझी पॅसेंजर चुकली एवढं मला पक्कं माहीत आहे.

नंतर आम्ही सगळेच स्टेजवर चढलो होतो.
म्हणून आज हिशेब असा:
तुटलेली तार, नग एक.
भुसावळ, सावदा, फैजपूर मिळून
जमा नग अकरा.
एक देव्हाऱ्यात, एक एलआयसीच्या पाकिटात,
एक चुडामणच्या गळ्यात तांब्याच्या ताईतात.
एक तर सरळ सायकलच्या ब्रेकची आहे,
पण मालक रडतो ती दाखवताना,
त्याला काय म्हणणार?

अभिमन गेला त्याला सात वर्षं.
मागच्या पोळ्याला मी त्याच्या घरी गेलो,
पेन्शनच्या कागदावर सिंधूवहिनीची सही हवी होती.
ओट्यावर बसून ती साबणाची वडी कापत होती.
दोन्ही टोकांना चिंध्यांच्या मुठी,
मध्ये ताणलेली बारीक तार.
म्हणाली, "त्यायच्या खिशात सापडली होती,
शर्ट धुवायला काढला तेव्हा.
गालाले लावायला हळद बी नव्हती त्या दिवशी घरात."
वडीचे दोन तुकडे झाले.
तार सुटताना
हळूच काहीतरी वाजलं.
तिनं वर पाहिलं नाही.
मी पाहिलं नाही असं दाखवलं.

आता वांगी सोलून झालीत.
बडगीत मिरच्या, लसूण, शेंगदाणे,
युसूफ मुसळ घेऊन बसलाय, सत्तरीचा,
आणि ठेचताना दर चौथा घाव किंचित उशिरा टाकतोय,
तेव्हाही तसाच टाकायचा.
सगळ्यांनी आपापल्या तारा काढून
केळीच्या पानावर ठेवल्यात.
चुडामण मोजतो. दहा.
"अकरावी तुही ना? कुठंय?"

हरवली, म्हणालो मी,
आणि कळण्याची भाकरी मोडली.