ऑगस्टपर्यंत

बस मला दुधाच्या कॅनच्या फळकुटापाशी सोडते.
पुढे दीड किलोमीटर चिखल, मग ताम्मिकू.
नावाचा अर्थ ओकची राई.
ओक एकच आहे, तोही वीज पडलेला.

मी पालिकेचा माणूस. माझ्याकडे फॉर्म आहे,
अकरा रकाने, एक टेप,
आणि तळाशी दोनच चौकोन : राखावे. पाडावे.
खूण कुठे करायची ते ऑफिसात
कॉफी पिता पिताच ठरलंय.

भिंती : पाइनचे ओंडके, सांध्यांत शेवाळ कोंबलेलं,
त्या शेवाळाला आता नवं शेवाळ फुटलंय.
छप्पर : लव्हाळ्यांनी शाकारलेलं,
उत्तरेकडून बसलंय, म्हाताऱ्या घोडीच्या पाठीसारखं.
मालक : सत्तावीस वारस. टोरांटोत नऊ, स्वीडनमध्ये सहा,
एकाचा पत्ता नुसता 'क्रास्नोयार्स्क', पुढे प्रश्नचिन्ह,
माझ्या आधीच्या कुणीतरी पेन्सिलीनं काढलेलं.

शेजारच्या लेओंतीने किल्ली घेऊन आल्या.
वीतभर, लोखंडी.
दार नाहीच. तरी त्यांचा हात आधी
कुलपाच्या उंचीला गेला,
मग किल्ली मुकाट एप्रनच्या खिशात परतली.

आत काळोख नाही, काळेपण आहे.
दोनशे वर्षांचा धूर तुळयांवर चढून
डांबरासारखा घट्ट झालाय.
बोटाला लागत नाही, बाहीला मात्र लागतोच.
इथे माणसं खाली निजत, राय वर वाळे,
एका भट्टीच्या उबेवर दोन्ही.
पेंढीतून निखळलेला दाणा
झोपलेल्याच्या उघड्या तोंडात पडायचा, म्हणतात.
(लेओंतीने म्हणतात, खोटं. दाणा नाही, उंदीर.)

एकोणपन्नासच्या मार्चमध्ये या घराला
तासाभरात निघायला सांगितलं.
भट्टीत पाव होते.
ते कुणी काढले, मी विचारणार नव्हतो.
"मी काढले," त्या म्हणाल्या. "सात वर्षांची होते.
करपले नव्हते."

नंतर इथे सामूहिक शेतीची वासरं बांधत,
मग खताची पोती, मग काहीच नाही.
"पाडा हो," त्या म्हणाल्या, "जळणाला चांगलं आहे,"
आणि चौकटीवरच्या खाचा मोजू लागल्या.
पोत्यामागे एक खाच, पाचपाचांचे गट.
अडखळल्या की पुन्हा पहिल्यापासून.

तेव्हा वर वाजलं.
टक् टक् टक् टक्, कोरडं, लाकडावर लाकूड.
मी बाहेर धावलो. मागाहून बसवलेल्या धुरांड्यावर
गाड्याच्या चाकाएवढा काटक्यांचा ढीग,
आणि मान पाठीवर टाकून चोच वाजवणारा करकोचा.
त्याला गळा नसतो. जे सांगायचं ते असंच.

नियम मला पाठ आहे : पिल्लं उडेपर्यंत
घरट्याखालच्या कशालाही हात लावायचा नाही.
घराला कायदा नाही. घरट्याला आहे.
हसू आलं, आणि थोडी लाजही;
आठ वर्षं याच कामाचा पगार घेतोय.

आत लेओंतीनेंनी मान तिरकी केली होती.
पक्षी आहे, असं मी सांगणारच होतो.
"मळणी," त्या म्हणाल्या. "दोघांचीच.
तिसऱ्याची काठी उशिरा पडतेय."

चौकोन कोरे ठेवले. शेऱ्यात लिहिलं : ऑगस्टपर्यंत.
परतीच्या बसला वेळ होता, म्हणून
टेप पुन्हा उलगडली आणि उंबरठा मोजला.
कुठल्याच रकान्यात तो नव्हता.
रुंदी नव्वद सेंटिमीटर.
मधोमध तीन बोटं झिजलेला.