न्यूट्रल

वाळूच्या कण्यावर खल्फान गाडी थांबवतो,
नाक वाऱ्याकडे.
गिअरबॉक्सचा दिवा पेटलाय,
पिवळा, खजुरावरच्या गांधीलमाशीसारखा.

"बंद कर ना," शम्सा म्हणते.
"तापल्यावर नाही बंद करायचं.
पंप थांबला की तेल जागच्या जागी करपतं."

बॉनेट उघडं. इंजिन पुटपुटतंय.
कूलरच्या जाळीतली वाळू
तो दाढीच्या जुन्या ब्रशने झाडतो.
दांडीवरचा थेंब रुमालावर टिपतो:
लाल होतं, आता कोऱ्या चहासारखं.

बिदिया सोडल्यापासून दोघं बोलली नव्हती.
मुलगी मस्कतला राहणार की नाही,
यावरून.

ती उतरते,
आपल्या बाटलीतलं पाणी त्याला देते.
अर्धा तास वारा जाळीतून आरपार जातो.

दिवा विझतो.
तो लो रेंज टाकतो.
"बरं," ती म्हणते,
"वसतिगृहाची फी किती?"