शून्याची कळ

माझ्या टाइपरायटरची शून्याची कळ अडकते.
निवडणुकीच्या मोसमात फार जपावं लागतं.

पनाय बेटावर, धक्क्यामागच्या नोटरीच्या दुकानात
उमेदवार येतात घामेजलेले,
मालमत्तेचा कागद घेऊन.
डॉन सेव्हेरिनोंचं समुद्राकाठचं तीनमजली घर
कागदावर दोन म्हशींच्या मोलाचं.
"एखादं शून्य राहिलं का?" मी विचारलं.
"कळच अडकते ना तुझी," म्हणाले,
आणि आंब्यांची टोपली ठेवून गेले.
आंबे गोड होते. खोटं कशाला सांगू.

मग आला एर्लिंदो गुम्बान,
नगरपालिकेच्या एका जागेसाठी,
चपलांना मासळीबाजाराचा चिखल.
उत्पन्न: बर्फाच्या गाडीवरचं, दर महिन्याला वेगळं.
मालमत्ता: मोटरसायकल, अर्धी होडी
(उरलेली भावाची, भांडण चालू आहे,
तेही लिहा म्हणाला),
शिवणयंत्र, पण ते बायकोचं.

देण्यांच्या रकान्यात एकच ओळ:
तीन हजार पेसो,
बेनिग्नो कातालबास यांचे, मयत,
वादळाच्या वर्षी घेतलेले, तोंडी.

"मेलेल्या माणसाचं देणं धरतात का हो?"
"धरतात," मी म्हटलं.

बेनिग्नो माझा नवरा.
त्या वर्षी आमच्याच घरावर पत्रा नव्हता,
आणि मला हे कधी बोलला नाही.
एर्लिंदोला माझं नाव ठाऊक नव्हतं.
तो पंख्याकडे बघत उभा होता.

मी तीन उमटवला.
मग शून्य. कळ अडकली.
नखानं सोडवली. पुन्हा शून्य.
पुन्हा.