बोजा

जुळे सोलापुरात दोन खोल्या.
त्यातली न्हाणी तेवढी आपली, हे म्हणायचे,
बाकी सगळी बँकेची.

एप्रिलात पारा त्रेचाळीस.
कूलर बारा हजाराचा.
तेच बारा हजार मुद्दलात टाकले तर शेवटचे तीन हप्ते उडतात,
कॅलेंडरच्या पाठीवर पेन्सिलनं मांडून दाखवलं यांनी.
मग कारखान्यातली डागी चादर आली,
भिजवून खिडकीत.
तिच्यातला मोर रात्रभर ठिबकायचा.

कडक भाकरी, शेंगाचटणी.
विरजणाला कवडी शेजारच्या गौराक्काकडून.
शिवलीला सातवीत सहलीला गेली नाही,
एवढं एक मी हिशेबाच्या वहीत कधी मांडलं नाही.

पंधरा वर्षांचं नऊ वर्षांत फिटलं.
काउंटरवरचा पोरगा म्हणाला, काका, एवढी घाई कशाला?
यांनी चष्मा पुसला.
उताऱ्यावरचा बोजा उतरला,
घरी येताना पाव किलो पेढे,
रिक्षा मात्र नाही.

त्या रात्री पंखा पाचवर.
दोघंही टक्क जागे.
दोनच्या सुमाराला उठून यांनी तो गुपचूप तीनवर आणला.
मी झोपेचं सोंग घेतलं,
आणि खरं सांगते,
मग लागली झोप.

शिवलीला फोनवर म्हणते, आता तरी कूलर घ्या.
बघू, म्हणते मी.
चादर वाळत आलीय.