पाचवं बोट

पुस्तक उघड. कुठलंही पान.
न कळलेला शब्द आला की एक बोट दुमड.
पान संपायच्या आत मूठ वळली
तर ते पुस्तक आज नको.
एवढंच शिकवलं मला शाळेतल्या बाईंनी,
आणि हातात दिली रंगीत टिकल्यांची डबी:
पिवळी सहा वर्षांच्यांना, हिरवी सात,
मग निळी, मग तपकिरी,
मग ज्यांना टिकली लागत नाही ते.

मला काय, सवयच होती.
एकतीस वर्षं मासळीच्या कारखान्यात
पट्ट्यावरून येणारा कॉड
नुसता उचलून सांगायचे मी:
किलोच्या आत, दोनचा, तीनच्या वर.
काटा मागाहून तेच सांगायचा.
उजवी करंगळी त्याच पट्ट्याने नेली. असो.

तिमेक आला नोव्हेंबरात,
सूर्य डोंगराआड गेला त्या आठवड्यात.
आता तो दिसणार जानेवारी संपताना.
वय दहा. उंची माझ्या खांद्याला.
पोलिश बोलायचा भरधाव,
आमच्या आइसलँडिकमध्ये मात्र
गोठलेल्या धक्क्यावरून चालावं तसा,
प्रत्येक पाऊल आधी चाचपून.

तपकिरी: पहिल्या ओळीतच मूठ.
निळी: मूठ. हिरवी: मूठ.
पिवळीवर तीन बोटं उभी राहिली.
बरोबर, म्हटलं, हे तुझं,
आणि त्याला दिली
मोजा हरवलेल्या सशाची गोष्ट.

त्याने घेतली. आभारही मानले.
मग जाकिटाच्या आत सरकवली, पोटाशी,
चोरून आणल्यासारखी,
कारण दाराशी त्याच्या वर्गातले दोघे
बूट चढवत होते.

त्या रात्री झोप नाही.
कॉडला लाज नसते, हालफ्रीदुर,
मी मलाच म्हटलं.
आपण कुठल्या खोक्यात पडलो
हे शेजारचा कॉड बघत नसतो.

मंगळवारी सगळ्या टिकल्या
नखाने खरवडून काढल्या.
गोंद राहिला.
मुलांना गोंदही वाचता येतो.

मग वर्तमानपत्राची कव्हरं घालून पाहिली.
सशाच्या जागी ट्रॉलर काढला, पेन्सिलीने,
कान मात्र दिसतच राहिले.
तिमेक हसला नाही. मीही नाही.

एकदा मला यायला उशीर झाला.
आले तर हा भिंतीशी उभा,
बंदरातून आलेलं पत्रक वाचत.
ओठ हलत होते.
मोठ्याने, म्हटलं.
‘हॅडॉक, गळावरचा, आतडी काढलेला.
वारा ईशान्येचा, सेकंदाला अठरा मीटर.
जहाजावर बर्फ चढण्याचा धोका.’
ज्यांच्या मापाची टिकली
माझ्या डबीत कधी नव्हतीच, असले शब्द.
मी त्याच्या हाताकडे पाहिलं.
पाचही उघडी.
‘बाबा त्या बोटीवर आहे,’ म्हणाला.

पण खालच्या ओळीत ‘अन्यथा’ आलं
आणि अंगठा दुमडला.
‘जोवर’वर तर्जनी.
‘तरीही’वर मधलं.
तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला:
मोठे शब्द त्याच्या घरचेच होते,
चुलीवर, ओल्या हातमोज्यांबरोबर वाळणारे.
अडत होता तो बारक्यांवर,
वाक्याला वाक्य बांधणाऱ्या
सुतळीएवढ्या शब्दांवर.
ते मी कधी तोललेच नव्हते.

मग रोज हवामानाचं पत्रक.
बोट निघेल, जोवर वारा पडलेला आहे.
बोट परतेल, अन्यथा.
इथे दोघेही थांबलो.
त्याने पुढचं वाक्य स्वतःच केलं:
बोट परतेल, तरीही उशिरा.
चुकलेलं होतं. मी सुधारलं नाही.

ससा परत आला, सूर्य दिसला त्या दिवशी.
आमच्याकडे तेव्हा पातळ धिरडी करतात,
चौथ्या पानावर त्यातला जॅम.
‘ओतिल्या चार वर्षांची आहे,’ म्हणाला,
‘तिला अकरा वेळा वाचून दाखवलं.
मोजा कुठे आहे ते तिला माहीत असतं,
तरीही विचारते.’
तरीही, त्याने म्हटलं,
आणि त्याला कळलंसुद्धा नाही.

मग पुस्तक टेबलावर ठेवून
माझ्या उजव्या हाताकडे बघत राहिला.
आमच्यात लहानमोठे सगळे
एकमेकांना अरेतुरेच करतात.
‘तुझी मूठ तर
चार शब्दांतच वळत असेल.’

हो, म्हटलं.
‘मग पाचवा शब्द आला की?’

मी सांगणार होते काहीतरी.
तेवढ्यात त्याने स्वतःची करंगळी पुढे केली,
आणि कोपऱ्यातल्या उंच फळीवरून
एक जाडजूड पुस्तक ओढलं.