देठाखालचं हिरवं

कांदाराच्या दवाखान्यात, ओट्यावर बसून
नर्स गाथोनी फळ चिरते.
कोयीभोवती सुरी फिरवते, मग दोन्ही वाट्या
उलटसुलट पिळते, बरणीचं झाकण उघडावं तशा.
कोय एका वाटीत रुतून राहते.

"हे तेल आहे," ती म्हणते, "पण तळणाचं नव्हे.
काळजाला न दुखवणारं.
पोटुशी कोण आहे? तू? यातलं फोलेट
बाळाच्या पाठीच्या कण्याला लागतं.
आणि सुकुमाची भाजी रोज खाता ना,
तिच्यातलं डोळ्यांचं बळ
तेलाचं बोट धरल्याशिवाय आत शिरत नाही.
म्हणून भाजीशेजारी एक फोड.
पोट साफ होत नाही म्हणून गोळ्या मागायला येता,
घरी झाडाखाली काय सडतंय ते बघा आधी."

आम्ही हसतो.
कारण खरंच सडायचं.
माझ्या लहानपणी हे कुत्र्यांचं खाणं होतं.
कुत्री कशी तुकतुकीत,
आणि आम्ही पायांची राखाडी कातडी लपवायला
व्हॅसलीन चोळून शाळेत.

मग हासची कलमं आली, काटे आले, ट्रक आले.
परदेशात लोक हे पावाला लावून खातात म्हणे.
ट्रकवाला डागाळलेलं परत करतो.
ते आमचं.
डागाच्या आत सगळं तेच असतं,
डागाला फक्त जहाजात बसू देत नाहीत.

आमच्या ओळीतलं पहिलं कलम सासऱ्यांनी लावलं, कियारिएंनी,
कॉफी उपटून.
म्हातारा कुत्र्यांसाठी शेती करतोय, असं शेजारी म्हणाले.
आता मंगळवारी आणि शुक्रवारी ते थिकाला जातात,
चार तास मशीनला हात जोडून बसतात.
(नमस्काराचे नव्हेत, असं स्वतःच सांगतात.)
दोन्ही मूत्रपिंडं थकली.
तिथल्या डॉक्टरीणबाईंनी न खायच्या गोष्टी लिहून दिल्या:
केळं, बटाटा, संत्र्याचा रस.
सगळ्यांत वर, खाली दोन रेघा मारून, अव्होकाडो.
केळ्याहून जास्त पोटॅशियम.
गाथोनी रक्तदाबवाल्यांना ज्याचे गोडवे सांगते
तेच यांच्या रक्तात साचलं
तर ठोका चुकेल, आणि चुकलेलाच राहील.

संध्याकाळी ते परत येतात,
दंडाची पट्टी न सोडता बाजेवर टेकतात
आणि माझ्या आठ महिन्यांच्या लेकीला मांडीवर घेतात.
तिचं नाव मुरिंगो. रीतीप्रमाणे सासूबाईंचंच.
"आण गं," म्हणतात, "माझ्या बायकोचं जेवण."

टोपलीतलं डागाळलेलं एक निवडतात,
अंगठ्याने देठाची टोपी उडवतात.
खाली हिरवं निघालं तर आत चांगलं.
तपकिरी निघालं तर कुत्र्याला, अजूनही.
चमच्याच्या पाठीने गर घोटतात,
एक गाठ राहू देत नाहीत.
ती खाते. गालांनी, भुवयांनी,
त्यांच्या शर्टाच्या बाहीने.

एकदा सवयीने बोट तोंडाशी गेलं त्यांचं.
मी पाहिलं.
मी पाहिल्याचं त्यांनी पाहिलं.
बोट बाळाच्या ओठावर पुसलं.

"कसं लागतं गं?" विचारलं नंतर. "विसरत चाललोय."
काही खास नाही, बाबा, मी म्हटलं.
लोण्यासारखं, पण गाय नसलेलं.
थोडं ओल्या मॅकाडेमियासारखं.
"खोटारडी," ते म्हणाले,
"चिमूटभर मीठ हवं होतं, असं लागतं."

हे फळ झाडावर पिकत नाही.
तोडून ठेवावं लागतं.
झोपण्याआधी ते खिडकीत एक मांडतात,
अंगठ्याने दाबून बघतात. दगड.
"शुक्रवारी होईल," म्हणतात.
"मी थिकाहून येईपर्यंत
थांबायला सांग बायकोला."