भाव उतरेपर्यंत

खडेबाजारात हुक्केरी अण्णाच्या दुकानात
काचेमागं एक काळा डबा आहे.
आपण नसताना तो टीव्ही बघतो
आणि बघितलेलं सांभाळून ठेवतो.
दिवाळीला पाच हजार नऊशे नव्वद होता.
संक्रांतीला गेलो तर पाच हजार पाचशे.
अण्णा म्हणाला, थांब की रे स्वल्प,
नवा माल येतोय, उतरतंय बघ.
आणि हसत हसत, नाळे बा.

लहानपणी आमच्या गल्लीत दारादारावर
खडूनं हेच लिहिलेलं असायचं. नाळे बा. उद्या ये.
रात्री भूत यायचं, वाचायचं, परत जायचं.
शिकलेलं भूत, तेही कन्नड शाळेत.
आता मी तसाच येतो,
उद्यमबागेतली दुसरी पाळी सुटल्यावर,
कानात फौंड्रीची काळी वाळू,
सायकल टेकवून बंद शटरच्या जाळीतून
डब्यावरची चिठ्ठी वाचतो
आणि परत जातो.

तीन ते अकरा.
घरी पोचतो तोवर सगळं होऊन गेलेलं असतं.
सून सापडलेली, शेवटची विकेट पडलेली.
पार्वती आमटी गरम करता करता सांगते,
तिच्या सांगण्यात खाष्ट सासूला
मालिकेपेक्षा जास्तच शिक्षा होते.
मला चालतं ते.
डबा मला माझ्यासाठी नकोच होता खरं तर.

तात्यांना हवा होता.
तात्या मराठी शाळेत घंटा वाजवायचे,
अजून त्यांना वाटतं, वेळ झाली की वाजतं सगळं.
कोर्टाची तारीख पडली की कॅलेंडरवर पेन्सिलीनं लिहितात,
पुढं गेली की थुंकी लावून पुसतात.
त्या चौकोनांचा कागद पातळ झालाय,
मागचा महिना दिसतो.
म्हणाले, निकाल लागेल त्या दिवशी तू पाळीला असणार,
मला डुलकी लागलेली असणार.
तेवढं धरून ठेवणारं काहीतरी आण गा.

आमच्याकडं दक्षिणेचं पॅकेज येतं,
मराठीचे पैसे वर वेगळे.
कुणी म्हणालं, शिनोळीला जा, हद्दीपलीकडं स्वस्त असेल.
रविवारी गेलो.
तिथल्या दुकानदारानं शुद्ध मराठीत
तोच आकडा सांगितला.
येताना नाक्यावर चहा प्यालो, दोन प्याल्यांचा एक.

मार्चमध्ये साडेचार. यात्रेला चार.
जूनमध्ये तीन हजार दोनशे, आणि माझ्या खिशात होते,
मोजून होते.
तरी म्हटलं, अजून उतरेल.
थांबायचीही चटक लागते माणसाला,
आमच्या भागात तर ती पाण्यातूनच येत असावी.

गणपतीच्या आधी अण्णानं स्वतः हाक मारली.
अठराशेला ने.
काय झालं?
काय होणार. कोण घेत नाही आता हे.
सगळे मोबाइलवर बघतात, कंपनी बंद करतंय.
त्यानं काचेमागनं डबा काढला,
खाली धुळीत त्याचा चौकोन राहिला.
मी पैसे दिले. वीस परत मिळाले,
रिक्षाला म्हणून.

आता तो टीव्हीखाली बसलेला असतो.
रेकॉर्डिंग सुरू झालं की लाल ठिपका लागतो
आणि तात्या आवाज खाली करतात,
जणू आत कुणी लिहून घेतंय.
पार्वतीनं अडीच महिन्यांत भरला.
लग्नं, डोहाळेजेवणं, एक खून,
धाकट्यानं घुसवलेली कबड्डी.
काल पडद्यावर अक्षरं आली,
जागा संपत आली आहे, जुनं पुसू का?

तात्या माझ्याकडं बघतात.
मी पार्वतीकडं.
ती रिमोट घेते, वर खाली करते,
शेवटी एक लग्न पुसते,
चांगलं तीन दिवस चाललेलं.

किती झाली जागा, तात्या विचारतात.
तासभराची झाली.
एवढी कशाला, म्हणतात,
एका ओळीचं असणार ते.
आणि कॅलेंडरखालची पेन्सिल घेऊन
टोक आहे का ते अंगठ्यानं बघतात.